संदर्भसूचीतले प्रत्येक नाव वाचलेले असावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांतील उचलेगिरी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा सर्रास वापर यांविषयी सध्या बरेच लिहिले जात आहे. ही चिंता रास्तच आहे. परंतु या चर्चेत त्याच्याही आधीचा एक प्रश्न मागे पडतो आणि मला तोच अधिक मूलभूत वाटतो. विद्यार्थी आपले संदर्भ शोधतात कुठे, त्यांतले कोणते घ्यायचे हे ठरवतात कशावरून, आणि घेतलेले संदर्भ ते वाचतात का? महाविद्यालयीन निबंध दीर्घकाळ तपासल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, बहुसंख्य निबंधांत मजकूर आधी लिहून होतो आणि संदर्भ त्यानंतर शोधले जातात. वाक्य तयार असते. त्याच्याशी जुळेलसे एखादे शीर्षक सापडले की ते सूचीत जाऊन बसते. याला आळस म्हणून मोकळे होता येईल, पण संदर्भ कसा शोधावा आणि कसा पारखावा हे या मुलांना कोणी शेजारी बसून दाखवलेलेच नसते. त्यांना सांगितले जाते ते एवढेच की, शेवटी सूची हवी आणि ती अमुक पद्धतीने हवी.

न वाचता दिलेला संदर्भ किती दूर जाऊ शकतो याचे एक उदाहरण सविस्तर मांडतो, कारण ते योगायोगाने संपादकांना लिहिलेल्या पत्राचेच आहे. जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या असता, अफूजन्य वर्गातील वेदनाशामक औषध किमान एकदा दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, ज्यांना पूर्वी व्यसन नव्हते अशा फक्त चौघांमध्ये व्यसनाची नीट नोंद आढळली, एवढाच त्याचा आशय होता. हे निरीक्षण रुग्णालयाच्या देखरेखीतील रुग्णांपुरते होते. घरी महिनोन्महिने औषध घेणाऱ्यांविषयी त्यात काहीही म्हटलेले नव्हते. पुढे मात्र 'या औषधांनी व्यसन क्वचितच लागते' या विधानाचा पुरावा म्हणून हेच पत्र वारंवार पुढे केले गेले. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात या पत्राच्या उल्लेखांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. तोवर ६०८ ठिकाणी त्याचा संदर्भ आला होता, त्यांपैकी ४३९ ठिकाणी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते आणि तब्बल ४९१ लेखकांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलेच नव्हते. उत्तर अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाचे जे संकट उभे राहिले, त्याला अशा चुकीच्या उल्लेखांचाही हातभार लागला, असे विश्लेषण करणाऱ्यांचे मत होते. पाच वाक्ये वाचायला एक मिनिटही लागत नाही. ज्या शेकडो सुशिक्षित लेखकांनी ते पत्र सूचीत घातले, त्यांतल्या किती जणांनी ते मिनिट दिले असेल?

या प्रश्नाचा अंदाज दुसऱ्या मार्गानेही घेतला गेला आहे. २००३ मध्ये सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन संशोधकांनी एका गाजलेल्या शोधनिबंधाच्या संदर्भनोंदींतील छपाईच्या चुका तपासल्या. खंडाचा किंवा पृष्ठाचा तोच चुकीचा आकडा अनेक लेखांत जसाच्या तसा आढळला, म्हणजे नोंद मूळ निबंधावरून न घेता दुसऱ्याच्या सूचीवरून उतरवली गेली होती. अशा चुकांच्या प्रसारावरून त्यांनी असा निष्कर्ष मांडला की, संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम एक पंचमांश लोकांनी मूळ लेख वाचलेला असावा. हा आकडा अंदाजाचा आहे आणि त्यावर वाद घालता येईल. पण नक्कल केलेली चूक आपल्या उगमाचा माग सोडून जाते, ही त्यांची पद्धत प्रत्येक अध्यापकाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

याहून विलक्षण प्रकार २०१७ मध्ये उघडकीस आला. एल्सेविअर या प्रकाशनसंस्थेच्या लेखकांसाठीच्या मार्गदर्शिकेत, संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून व्हॅन डर गीर आणि इतर दोघांच्या नावे एक नोंद छापलेली होती. तो लेख आणि ते नियतकालिक, दोन्ही काल्पनिक होती. तरीही जवळपास ४०० प्रकाशित लेखांच्या सूचीत ही नोंद खऱ्या संदर्भासारखी येऊन बसली होती. बहुधा नमुन्यातली ओळ पुसायची राहून गेली असावी. परंतु लेखक, सहलेखक, परीक्षक आणि संपादक अशा अनेक नजरांखालून ती गेली आणि तिच्यामागे लेख आहे का, हे कोणी पाहिले नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने हीच सवय सर्वांच्या हाताशी आणून ठेवली आहे. शब्दांमागून कोणते शब्द येण्याची शक्यता अधिक, याच्या आधारे मजकूर रचणाऱ्या या प्रणालींना संदर्भ मागितले की, त्या खऱ्या संशोधकाचे नाव, खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि पटण्याजोगे वर्ष व पृष्ठांक यांची जुळणी करून एखादी नोंद देऊ शकतात. फक्त तसा लेख कधी लिहिलेलाच नसतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला. व्यावसायिक वकील फसतात, तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी फसणारच. मात्र पडताळणी अवघड नाही. बहुतेक विद्वत्लेखांना डीओआय नावाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक असतो. तो डीओआय डॉट ऑर्ग या पत्त्यापुढे लिहिला की लेखाच्या पानावर पोहोचता येते. तिथे शीर्षक, लेखक आणि वर्ष आपल्या नोंदीशी जुळते का, हे पाहावे. क्रमांक खरा पण लेख भलताच, असेही घडते. म्हणून पान उघडले एवढ्यावर समाधान मानू नये.

शोध सुरू कुठून करावा, याविषयी विद्यार्थ्यांमध्ये दोन टोकाच्या समजुती आढळतात. काहींना विकिपीडिया म्हणजेच संशोधन वाटते, तर काहींना शिक्षकांनी इतके धाकात ठेवलेले असते की तो उघडणेही पाप वाटते. विषयाची तोंडओळख, त्यातील परिभाषा आणि वादाचे मुद्दे समजून घेण्यासाठी ज्ञानकोश हे उत्तम दार आहे. त्यातील वाक्याचा आधार देऊ नये, त्या वाक्याखालची तळटीप उघडून मूळ लेखाकडे जावे. परिभाषा हाती आली की शोध बदलतो. 'मोबाइलचे दुष्परिणाम' असे शोधणाऱ्याच्या हाती सल्ल्याचे लेख लागतात. 'किशोरवयीन मुले', 'झोपेचा कालावधी', 'स्क्रीनचा वापर' अशा अभ्यासकांच्या शब्दांनी आणि नेमकी शब्दसंहती अवतरणचिन्हांत घालून शोधणाऱ्याच्या हाती अभ्यास लागतात. त्यांतही प्रथम आढावा घेणारा लेख गाठावा, म्हणजे त्या प्रश्नावर आजवर काय काम झाले आहे आणि मतभेद कुठे आहेत याचा नकाशा मिळतो.

तिथून दोन दिशांना जाता येते. लेखाच्या सूचीवरून मागे, त्याच्या आधीच्या कामाकडे; आणि त्या लेखाचा उल्लेख पुढे कोणी केला हे पाहून पुढे. ही दुसरी वाट युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' काढून पद्धतशीर उपलब्ध करून दिली. आज २००४ पासून चालू असलेल्या गूगल स्कॉलर या लेखशोधाच्या सेवेवर प्रत्येक नोंदीखाली ती एका कळीवर मिळते, आणि माझ्या अनुभवात विद्यार्थी ती कळ क्वचितच दाबतात. दहा वर्षांपूर्वीच्या निष्कर्षाला नंतर कोणी आव्हान दिले का, हे तिथेच कळते. वैद्यक आणि जीवशास्त्रासाठी पबमेड आहे, त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि ते सर्वांना विनामूल्य खुले आहे. गूगल स्कॉलरविषयी मात्र एक सावधगिरी हवी. ते विद्वत्तापूर्ण दिसणारे सारे गोळा करते. परीक्षणाआधीचे प्रीप्रिंट, प्रबंध आणि शंकास्पद नियतकालिकांतील लेखही त्यात येतात. तिथे सापडला, हा गुणवत्तेचा दाखला नव्हे.

लेख सापडतो, पण पैसे भरल्याशिवाय उघडत नाही, ही तक्रार खरी आहे आणि त्यापायी मुले केवळ सारांश वाचून संदर्भ देतात. सारांशात निष्कर्ष असतो. नमुना किती लहान होता, कोणाला वगळले, लेखकांनीच कोणत्या मर्यादा कबूल केल्या, हे आत असते. अनेक लेखांची लेखकाने ठेवलेली खुली प्रत विद्यापीठांच्या भांडारांत असते आणि अनपेवॉलसारखे मोफत साधन ती शोधून देते. ग्रंथालये एकमेकांकडून लेख मागवू शकतात. लेखकाला नम्र ईमेल लिहिला तर पुष्कळदा प्रत मिळते. यांपैकी काहीच साधले नाही तर तो संदर्भ सोडून द्यावा. वाचायला न मिळालेल्या लेखावर निबंधातले महत्त्वाचे विधान उभे करणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य होण्यासारखे नाही.

गुणवत्तेची पारख हा या साऱ्यातला सर्वांत कठीण भाग आहे आणि तो 'फक्त तज्ज्ञपरीक्षित लेख वापरा' या एका आज्ञेत संपवला जातो. तज्ज्ञपरीक्षण, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयाच्या इतर अभ्यासकांनी लेख तपासणे, ही मोलाची चाळणी आहे, पण ती हमी नाही. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा केवळ १२ मुलांवर आधारलेला लेख १९९८ मध्ये 'द लॅन्सेट'सारख्या अग्रगण्य नियतकालिकात आला आणि तो पूर्णपणे मागे घेतला गेला २०१० मध्ये. मधल्या १२ वर्षांत तो उद्धृत करणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षित लेख दिल्याचे समाधान मिळालेच असणार. म्हणून लेख अजून उभा आहे की मागे घेतला गेला आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. 'रिट्रॅक्शन वॉच' या उपक्रमाने मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवली आहे आणि २०२३ पासून क्रॉसरेफ या संस्थेमार्फत ती सर्वांना खुली आहे. त्या एका वर्षात जगभरात १०,०००हून अधिक लेख मागे घेतले गेले. त्यांतील बहुसंख्य एकाच प्रकाशकाच्या नियतकालिकांतले होते, तरीही हा आकडा विचार करायला लावणारा आहे.

परीक्षणाचा केवळ देखावा करून शुल्कासाठी काहीही छापणारी नियतकालिके हा वेगळा धोका. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकासाठी जॉन बोहानन यांनी ढोबळ वैज्ञानिक चुका मुद्दाम ठेवलेला एक बनावट निबंध ३०४ मुक्त-प्रवेश, म्हणजे वाचकांना विनामूल्य खुल्या असलेल्या, नियतकालिकांकडे पाठवला, आणि १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. वाचकांकडून वर्गणी घेणाऱ्या नियतकालिकांची अशी परीक्षा त्या वेळी घेतली गेली नव्हती, त्यामुळे यावरून मुक्त प्रवेशाच्या तत्त्वालाच दोष देणे अन्यायाचे होईल. २००३ पासूनची डीओएजे ही सूची चांगल्या मुक्त नियतकालिकांचीच आहे. विद्यार्थ्याने अपरिचित नियतकालिक समोर आले की त्याचे संपादक मंडळ खरे आहे का, परीक्षणाला किती वेळ लागतो असे ते सांगते, त्यातील इतर लेख एकाच विषयक्षेत्रातले आहेत की वाटेल त्या विषयांवरचे, हे पाहावे. चार दिवसांत परीक्षण पूर्ण करण्याचे आश्वासन हीच धोक्याची खूण आहे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. चांगला स्रोत कोणता, हे प्रश्नावर अवलंबून असते. एखाद्या साथीच्या काळात लोकांच्या मनात कोणती भीती होती, हे शोधणाऱ्यासाठी त्या काळातील वर्तमानपत्रे, पत्रव्यवहार आणि जाहिराती हीच प्राथमिक साधने आहेत. तीच वर्तमानपत्रे औषधाच्या परिणामकारकतेचा पुरावा म्हणून मात्र चालणार नाहीत. आकडेवारीच्या बाबतीत तर बातमीतला आकडा न घेता मूळ अहवालातील तक्ता उघडावा आणि तक्त्याखालच्या टीपा वाचाव्यात. 'बेरोजगार' कोणाला म्हटले आहे, गणना कोणत्या वयोगटाची आहे, व्याख्या मध्येच बदलली आहे का, हे तिथेच लिहिलेले असते आणि दोन वर्षांची तुलना बरोबर की चूक हे त्यावरच ठरते.

संदर्भ लिहिण्याच्या शैलींवर वर्गात जो वेळ जातो, त्याबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. एपीए, एमएलए किंवा शिकागो, कोणतीही एक शैली धरून ती सातत्याने पाळली की पुरे. स्वल्पविराम चुकला म्हणून गुण कापण्यात मला स्वारस्य नाही. पण पृष्ठांक गाळला तर मी कापतो. ३०० पानांच्या पुस्तकाचे नुसते नाव देणे म्हणजे वाचकाला पडताळणीचा मार्ग बंद करणे होय. मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून त्याचे वचन घेतले असेल, तर 'अमुक ग्रंथात उद्धृत' असे स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा काहीच नाही, लपवण्यात आहे. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला तरी संदर्भ द्यावाच लागतो. झोटेरोसारखी मोफत साधने सूची आपोआप बनवून देतात आणि ती अवश्य वापरावीत, परंतु संकेतस्थळावरून उचललेली माहिती चुकीची असू शकते, तेव्हा प्रत्येक नोंद मूळ लेखाच्या पहिल्या पानाशी ताडून घ्यावी.

संकेतस्थळांचे दुवे टिकत नाहीत, याकडेही दुर्लक्ष होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या अभ्यासकांच्या पाहणीनुसार, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या दुव्यांपैकी निम्म्या दुव्यांवर मूळ मजकूर उरलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाची ही गत असेल, तर विद्यार्थ्याने दुवा दिला त्या दिवशीच त्या पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवून तो पत्ता आणि पाहिल्याची तारीख नोंदवणे हाच व्यवहार्य उपाय आहे.

या साऱ्याची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यांवर टाकता येणार नाही. 'किमान २० संदर्भ हवेत' अशी अट आम्ही अध्यापकच घालतो, आणि मग २० नावे जमवली जातात. ती अट काढून टाकावी, अशी माझी महाविद्यालयांना विनंती आहे. त्याऐवजी सहा किंवा आठ संदर्भ मागावेत, आणि निबंधाच्या आधी काही आठवडे प्रत्येकाखाली चार-पाच ओळींचे टिपण मागावे. लेखकाचा प्रश्न कोणता होता, पुरावा कोणता, मर्यादा कोणती आणि आपल्या निबंधात तो कोणत्या विधानासाठी लागणार आहे, हे त्यात यावे. त्यांतला किमान एक संदर्भ विद्यार्थ्याच्या म्हणण्याच्या विरोधातला असावा. अनुकूल तेवढेच वेचण्याची सवय यानेच मोडते. तोंडी परीक्षेत सूचीतील कोणतेही दोन संदर्भ निवडून त्यांवर दहा मिनिटे बोलायला लावावे, आणि गुणांचा ठळक हिस्सा या भागाला द्यावा. ज्याने लेख वाचला आहे त्याला ही दहा मिनिटे अपुरी पडतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. शिवाय पहिल्याच सत्रात ग्रंथपालांना वर्गात बोलवावे आणि त्यांच्या तासाला वेळापत्रकात जागा द्यावी. शोध घेण्याचे शास्त्र महाविद्यालयात ज्या व्यक्तीला सर्वांत चांगले अवगत असते, तिच्याकडे आम्ही पुस्तके देण्याघेण्याचेच काम ठेवले आहे.

आपल्या वृत्तपत्राने शोधनिबंधांचा विषय लावून धरला आहेच, तर येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी अध्यापक आणि ग्रंथपाल यांच्याकडून या संदर्भात लेखन मागवावे, अशी विनंती करतो.

आपला,
एक अध्यापक आणि नियमित वाचक